हरायचं नाटक नको, सात-आठचा डाव मांड

पत्र : मी १६ वर्षांची आहे. डोंबिवलीत राहते. नुकतीच दहावीची परीक्षा झाली. दोन महिन्यांपूर्वी आजोबा (आईचे वडील) कुडाळचं घर बंद करून आमच्याकडे कायमचे राहायला आले. आजी गेल्या वर्षी गेली. आई-बाबा ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच असतो, पण बोलायला काही सुचत नाही. ‘जेवलीस का’, ‘जेवलात का’ एवढ्यावर संपतं. त्यांना पत्त्यांची फार आवड आहे, म्हणून मीच रमी शिकवा म्हटलं. आठ-दहा दिवस खेळलो. मी रोज हरायचे आणि ते चिडायचे, ‘पान टाकायची अक्कल नाही’ म्हणायचे. मग मीही चिडायचे. परवा ते फार उदास दिसले, म्हणून मी मुद्दाम हरले. ते त्यांना कळलं. काही बोलले नाहीत, पत्ते उचलून कपाटात ठेवले. त्यानंतर विषयच नाही. आईचं म्हणणं, बरं झालं, पत्ते म्हणजे जुगारच. पुन्हा सुरुवात कशी करू? आणि मी त्यांच्याबरोबर कधी जिंकेन का?

उत्तर :

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, जिंकशील, पण रमीत इतक्यात नाही. तू खेळ चुकीचा निवडलास. अर्धा घोटाळा तिथेच झाला आहे.

दोघांच्या रमीत प्रत्येकाच्या हातात तेरा पानं असतात आणि दोघांचीही नजर स्वतःच्या पंख्यात अडकलेली असते. कोणतं पान उचललं, कोणतं टाकलं, त्यावरून समोरच्याला काय हवंय हे ताडायला वर्षं जातात. आजोबांना ते न बघता कळतं, तुला बघूनही कळत नाही. म्हणून तू रोज हरतेस आणि का हरलीस हे डाव संपल्यावरही समजत नाही. शिवाय रमीत दुसऱ्याची चूक दिसते पण दाखवता येत नाही, कारण टाकलेली पानं एकावर एक पडून गेलेली असतात. मग शिकवणाऱ्याच्या तोंडून ‘अक्कल नाही’ एवढंच निघतं. ते तुझ्यावर चिडत नव्हते असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या चिडण्यात ‘हिला सांगू कसं’ हा भाग मोठा होता.

आता मुद्दाम हरण्याबद्दल. आयुष्यभर पत्ते खेळलेल्या माणसापासून हे लपत नाही. तुला वाटतं आपण गुपचूप चांगलं पान सोडलं. पण ते पान पुढे कधीतरी बाहेर येतंच, आणि आल्याक्षणी आजोबा मागे जाऊन बघतात : हे हातात असताना हिने ते का टाकलं? नवशिक्याची चूक आणि सोडलेला डाव यांची जातच वेगळी असते. नवशिका घाईने मोठं पान घालवतो, मोठं पान राखून हरत नाही. त्यांना कळलं ते असं. आणि कळल्यावर काय वाटलं असेल? ज्या एका गोष्टीत अजून घरात आपल्याला कुणी हरवत नाही, तिथेही आपली कीव केली गेली. पत्ते कपाटात गेले ते त्यामुळे.

त्यामुळे पहिलं काम माफीचं, आणि ते दोन वाक्यांत उरकायचं. ‘आजोबा, परवा मी मुद्दाम सोडलं. पुन्हा नाही करणार.’ बस. ‘तुम्ही उदास दिसलात म्हणून’ हे शेपूट जोडू नकोस, ते दुसऱ्यांदा कीव केल्यासारखं होईल. त्यांनी ‘हं’ म्हटलं तरी काम झालं असं समज.

लगेच ‘खेळायचं का?’ असं विचारू नकोस. ‘नको’ म्हणणं फार सोपं असतं. त्याऐवजी दुपारी चहाच्या वेळी पत्त्यांचा कॅट घेऊन त्यांच्यासमोर बस आणि दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं बाजूला काढायला लाग. मग विचार, ‘सात-आठला कुठल्या दोन सत्त्या ठेवतात?’ हा खरा प्रश्न आहे, तुला त्याचं उत्तर हवंच आहे. आणि पत्त्यांत मुरलेला माणूस समोर कुणी चुकीची पानं काढत असताना गप्प बसू शकत नाही.

सात-आठ हा दोघांचा खेळ. पाच-तीन-दोन तुला माहीत असेल, त्याचाच धाकटा भाऊ. पानं तीसच. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंगांची सात-सात, म्हणजे अठ्ठावीस, आणि वर दोन सत्त्या. बहुतेक घरांत इस्पिक आणि बदामच्या सत्त्या ठेवतात. म्हणजे इस्पिक आणि बदाम आठ-आठ पानांचे, किलवर आणि चौकट सात-सात पानांचे. हा फरक लक्षात ठेव, पुढे लागेल.

प्रत्येकाला पंधरा पानं, म्हणजे एकूण पंधरा हात (दोघांनी एक-एक पान टाकलं की एक हात, वरचढ पान ज्याचं त्याचा). ज्याने पानं वाटली त्याला सात हात करायचे, समोरच्याला आठ. आठवाला हुकूम, म्हणजे बाकीच्या रंगांना कापणारा रंग, सांगतो आणि पहिली उतारीही, म्हणजे पहिलं पान टाकणंही, त्याचीच. पुढच्या डावाला वाटणारा बदलतो.

इथे एक गोम आहे. पंधराही पानं हातात घेऊन खेळलात तर खेळच उरत नाही. तीस पानांतली पंधरा तुझ्याकडे, म्हणजे उरलेली पंधरा त्यांच्याकडे, झाकलेलं काहीच नाही. जो मोजू शकतो तो पहिल्या पानालाच शेवटचा हात बघतो, आणि तुमच्या घरात मोजू शकणारा माणूस कोण हे तुला माहीत आहे. म्हणून सात-आठ मांडून खेळायचा. तो असा. वाटणाऱ्याने आधी दोघांना पाच-पाच पानं हातात द्यायची. समोरच्याने ती पाच बघून हुकूम सांगायचा. मग प्रत्येकासमोर पाच पानं ओळीने पालथी ठेवायची आणि त्या प्रत्येकावर एक-एक पान उघडं. झाली पंधरा. हातातली पाच आणि आपल्यासमोरची उघडी पाच यांतलं कोणतंही पान खेळता येतं. उघडं पान खेळलं की तो हात संपल्यावर त्याखालचं पालथं उलटायचं. ‘हात संपल्यावर’ हे आधीच ठरवून टाका, नाहीतर मधेच उलटलेल्या पानावरून भांडण ठरलेलं.

आता मोज. तुला तुझी हातातली पाच दिसतात, तुझी उघडी पाच, त्यांची उघडी पाच. पंधरा दिसली. न दिसणारी पंधरा : पाच त्यांच्या हातात, दहा पालथी. आजोबांनाही नेमकं इतकंच दिसतं. त्यांचं मोजणं फुकट जात नाही, पण पालथ्या दहा पानांत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नाही. तुझ्या जिंकण्याची फट ती.

एक डाव उघडून दाखवतो. तू आठवाली. हातात आलं : किलवर एक्का, गुलाम, अठ्ठी, बदाम राजा, चौकट नव्वी. हुकूम किलवर सांग. तीन पानं आहेत, वर एक्का आहे, आणि किलवर सात पानांचा रंग असल्यामुळे बाहेर चारच उरतात. हीच तीन पानं इस्पिकची असती तर बाहेर पाच उरली असती. दोन रंग सारखे वाटले तर सात पानांचा रंग हुकूम करावा, हे त्यामुळे.

मग मांडणी झाली. तुझी उघडी पानं : इस्पिक एक्का, इस्पिक सत्ती, बदाम दश्शी, चौकट राजा, किलवर नव्वी. त्यांची उघडी : किलवर राणी, बदाम एक्का, बदाम अठ्ठी, इस्पिक दश्शी, चौकट गुलाम. पहिली उतारी तुझी. काय टाकशील?

नवशिका चौकट राजा टाकतो, कारण मोठं पान दिसतंय. चौकटचा एक्का कुठे आहे? उघड्यात नाही, तुझ्या हातात नाही. पालथ्यात असेल तर ठीक, त्यांच्या हातात असेल तर राजा मेला. टाकायचा तो इस्पिकचा एक्का. त्यांची इस्पिक दश्शी समोर उघडी पडली आहे, म्हणजे त्यांच्याकडे इस्पिक आहे, आणि रंग असला की तोच द्यावा लागतो, म्हणजे ते हुकूम मारूच शकत नाहीत. हात शंभर टक्के तुझा, आणि वर एक पालथं पान उलटून नवीन माहिती मिळते. हाच एक्का तू चार हात जपून ठेवलास आणि तोवर त्यांची दश्शी खेळली गेली, तर तो हुकुमाने कापला जाण्याची पाळी येऊ शकते.

दुसरी गंमत बदामात आहे. त्यांचा एक्का उघडा, तुझा राजा हातात. तू बदाम उतरू नकोस. त्यांनी एक्का उतरला तर तुला रंग द्यावाच लागेल, पण तुझ्यासमोर बदाम दश्शी आहे ना? ती दे. एक्का गेला, आता राजाच सगळ्यांत मोठा. दश्शी इथे राजाची पाठराखीण आहे. तिला दुसऱ्या कुठल्या हातावर ‘असंच फेकायचं पान’ म्हणून घालवलीस की राजा उघडा पडला. ‘पान टाकायची अक्कल’ म्हणून आजोबा जे म्हणतात, त्यातली अर्धी अक्कल म्हणजे हीच : मोठ्या पानाखाली एक छोटं राखायचं.

हुकूम काढून घेणं ही उरलेल्या अर्ध्यातली निम्मी. तुझ्याकडे किलवरची चार पानं झाली, त्यांची राणी दिसतेय, न दिसलेले राजा आणि दश्शी. एक्का उतरलास तर त्यांना किलवर द्यावंच लागेल. त्यांच्या हातात दुसरं किलवर नसेल तर राणीच पडेल. बहुतेक नवी मंडळी हुकूम शेवटपर्यंत जपतात आणि मधे आपली चांगली पानं कापली गेली की हळहळतात. हुकूम तुझ्याकडे जास्त असतील तर समोरच्याचे आधी संपव.

मोजायला एकदम सगळी पानं घेऊ नकोस, डोकं उठेल. पहिला आठवडा फक्त हुकूम मोज. सात किंवा आठ, एवढाच आकडा. दुसऱ्या आठवड्यात चार एक्के आणि चार राजे. त्यापुढचं आपोआप येतं, आणि नाही आलं तरी सात-आठला पुरतं.

सगळ्यांत जास्त होणारी चूक वेगळीच आहे, ती म्हणजे रंग असून दुसरं पान टाकणं. मांडलेल्या सात-आठमध्ये ती फार होते, कारण डोळे हातातल्या पाचांवर असतात आणि टेबलावर उघडं पडलेलं पान विसरलं जातं. ती तुझ्याकडून होईल, त्यांच्याकडूनही होईल. उपाय जुना आहे. समोरच्याने वेगळा रंग टाकला की पान उचलण्याआधी विचारायचं, ‘रंग नाही?’ दोघांनी, दर वेळी, न चुकता. सवयीचा प्रश्न झाला की तो आरोप राहत नाही, आणि आजोबांची चूक झाली तर ती तुला ‘पकडावी’ लागत नाही.

बाजूला काढलेली बावीस पानं पेटीत टाकू नकोस. त्यांतल्या चार दुर्र्या हाताशी ठेव. हुकूम ठरला की त्या रंगाची दुर्री टेबलाच्या कडेला उघडी ठेवायची. ‘हुकूम काय होता गं?’ हा प्रश्न डावात चार वेळा येतो, आणि दर वेळी उत्तर देताना आवाजात नकळत कंटाळा उतरतो. दुर्री असली की विचारावंच लागत नाही. कानाने कमी ऐकू येत असेल तर ‘बदाम’ आणि ‘किलवर’ यांतला घोळही टळतो.

आता बसण्याचं. पलंगावर खेळू नका, गादीवर मांडलेली पानं प्रत्येक हालचालीला घसरतात आणि पालथी पानं उघडी पडतात. जमिनीवर त्यांचे गुडघे किती वेळ साथ देतील ते बघ. जेवणाचं टेबल उत्तम, पण त्यावर जाडसर चादर किंवा सतरंजीची घडी अंथर. गुळगुळीत सनमायक्यावरून पान उचलताना म्हाताऱ्या बोटांची फार त्रेधा उडते. कापडावर पानाची कड थोडी दबते आणि नखात येते. पंखा बारीक ठेव. खिडकीचा उजेड त्यांच्या खांद्यामागून येईल अशी खुर्ची मांड. चकचकीत प्लास्टिकच्या पानांवर समोरून ट्यूबलाइट पडली की आकडा दिसत नाही, नुसती चमक दिसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो वा व्हायचं असो, झगझगाटाचा त्रास असणाऱ्यांना हे फार जाणवतं. आणि मंद उजेडात बदाम-चौकट, इस्पिक-किलवर एकमेकांसारखे दिसू लागतात. तेव्हा ‘अक्कल नाही’ची पाळी त्यांच्यावर येते आणि ते ती बोलून दाखवत नाहीत, खेळ बंद करतात. मोठ्या आकड्यांची पानं मिळतात, ती घेतलीस तर ‘तुमच्यासाठी आणली’ म्हणू नकोस. नवीन कॅट आणला, एवढंच.

मांडलेल्या खेळाचा आणखी एक फायदा : हातात पाचच पानं धरायची असतात. तेरा पानांचा पंखा अर्धा तास धरून ठेवणं आखडलेल्या बोटांना जड जातं. रमीत त्यांची चिडचिड शेवटी-शेवटी वाढायची का, आठवून बघ.

पिसायचं काम तू घे हवं तर, पण काटायला त्यांच्यापुढे कॅट ठेव, आणि त्यांची पाळी असेल तेव्हा वाटू त्यांनाच दे. हळू वाटतील. वाटू दे.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. उपदेश म्हणून सांगत नाही. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला की समोरचा माणूस पान टाकायची घाई करतो, ‘हिला उठायचं असेल’ म्हणून, आणि डाव बिघडतो.

बरोबरीचा प्रश्न उरला. ते भारी, तू नवी. मुद्दाम हरणं जसं वाईट तसं रोज आपटणंही वाईट. त्यावर उघड सवलत हा मार्ग आहे. हात एकूण पंधरा, ते सात-आठच वाटले पाहिजेत असं थोडंच आहे? पहिले पंधरा दिवस हुकूम कुणीही सांगो, आठ हात त्यांचे आणि सात तुझे असं ठरवा. तरी जड गेलं तर नऊ-सहा. सवलत तू माग, त्यांनी देऊ करायची वाट बघू नकोस. ‘मला सहाच ठेवा, सात होत नाहीत’ असं म्हणण्यात काही कमीपणा नाही, उलट त्यात त्यांच्या खेळाला मान आहे. आणि एक दिवस ते स्वतःच म्हणतील, ‘आता सात घे.’

जास्तीच्या हातांचा हिशेब जुन्या पद्धतीने पुढच्या डावात होतो. तुझा एक हात कमी पडला तर ते पुढच्या वाटपानंतर तुझ्या हातातलं एक पान न बघता ओढतात आणि स्वतःचं नकोसं पान तुला देतात. तुझा एक्का जातो, अठ्ठी येते. पहिला आठवडा हे ठेवूच नका, हरणारा आणखी खड्ड्यात जातो. ते सुरू कराल तेव्हा हुकुमाआधी ओढायचं की नंतर, हे घरागणिक बदलतं. कुडाळात जे चालत असेल ते चालू दे.

शिकवण्याचा राग कमी करायला एक साधी शिस्त लाव. डाव चालू असताना काही विचारायचं नाही. संपल्यावर एकच प्रश्न, पानं दाखवून : ‘इथे मी राणी टाकली, काय टाकायला हवं होतं?’ त्यासाठी जिंकलेले हात गठ्ठ्यात मिसळू नका. दोन-दोन पानांची जोडी एकीवर एक आडवी-उभी ठेवली की कुठलाही हात परत काढून बघता येतो. रमीत जे शक्य नव्हतं ते इथे होतं. चूक टेबलावर असते, ‘अक्कल’ हा शब्द मधे यायची गरज पडत नाही. तरी आलाच, तर हसून ‘ती शिकायलाच बसलेय’ म्हण आणि पुढचा डाव वाट. वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर ते खेळले त्या मंडळींत हा शब्द शिवी म्हणून नव्हे, पान टाकल्याचा आवाज म्हणूनच वापरला जातो.

एका बैठकीत चार डाव. सम संख्या, म्हणजे दोघांची वाटायची पाळी सारखी येते. पाऊण तास ते तास. त्यांना पाचवा हवा असेल तेव्हा थांब, दोघांना नको झाल्यावर नव्हे. एक जुनी वही कर : तारीख, हुकूम, कुणाचे किती हात. बाकी काही लिहू नकोस. आठवड्याने ते ती वही चष्मा लावून वाचताना दिसतील.

बोलायला काय, हा तुझा मूळ प्रश्न. ‘तुमच्या काळी कसं होतं’ असले प्रश्न मुलाखतीसारखे लागतात, आणि आजी जाऊन वर्षच झालंय, कुठलं दार कुठे उघडेल सांगता येत नाही. पानांबद्दल विचार. सत्त्या कुठल्या, तुमच्याकडे ह्याला काय म्हणायचे, भिडू कोण असायचा. भिडूचं नाव निघालं की माणसं निघतात, माणसं निघाली की गाव निघतं. आजोबा कुडाळचे, म्हणजे सावंतवाडी हाकेच्या अंतरावर. तिथे अजून हाताने रंगवून गंजिफा करतात. गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकशेवीस पानं. त्यात पाच रंगांत दहाचं पान एकाहून मोठं आणि उरलेल्या पाचांत उलटं, एकाचं मोठं. त्यांनी पाहिली आहे का, विचार. हो म्हणाले तर दुपार गेली समज. नाही म्हणाले तर पुढच्या वेळी गावी जाताना दोघांनी वाट वाकडी करायला निमित्त झालं.

कधी काहीच बोलणं झालं नाही आणि नुसते चार डाव झाले, तरी ती दुपार फुकट गेली असं धरू नकोस.

आईचं. तिची भीती उगाच नाही, पत्त्यांपायी घरं बसलेली तिने पाहिली असतील. तिला दोन गोष्टी सांग : पैसे लावणार नाही, आणि मोबाइलवर खेळणार नाही. डाव ईर्ष्येचा करायला वीस-वीस चिंचोके पुरतात, किंवा हरणाऱ्याने चहा करायचा. रमीत नशिबापेक्षा कौशल्याचा भाग मोठा, असं सुप्रीम कोर्टाने १९६०च्या दशकातच म्हटलं होतं, पण तो मुद्दा आईशी वाद घालायला वापरू नकोस, कारण पैसे लावले की प्रश्न वेगळा होतो. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला. आजोबांच्या फोनवर तसलं काही कुणी टाकून दिलेलं नाही ना, एवढं मात्र बघून ठेव.

आणि आईला नुसतं समजावण्यापेक्षा रविवारी खेळायला बसव. तिघं असाल तर पाच-तीन-दोन, हीच तीस पानं, प्रत्येकी दहा. चौघं असाल तर मेंढीकोट, पूर्ण बावन्न पानं, प्रत्येकी तेरा, आणि तू आजोबांची भिडू. चारपैकी तीन दश्श्या, म्हणजे मेंढ्या, ज्यांच्याकडे ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्यांचे ते. चारही आल्या की मेंढीकोट. नियम एकच पाठ कर : आपली दश्शी स्वतःहून उतरायची नाही, भिडूचा हात पक्का झाला की त्याच्या हातावर टाकायची. आजोबांनी एक्का उतरला आणि तू त्यावर दश्शी ठेवलीस, तर त्या क्षणी त्यांचा चेहरा बघ. आजवर तू त्यांची विरोधक होतीस. आता आई-बाबा विरोधक आहेत.

एक गोष्ट नाजूक आहे, पण सांगितली पाहिजे. हुकूम विसरणं, पान चुकणं हे वयाचंच असतं आणि दुर्रीने भागतं. पण आठवडा-दोन आठवडे सतत असं दिसलं, की जन्मभर खेळलेल्या खेळाचे नियमच सुटताहेत, वाटलेली पानं पुन्हा वाटायला घेताहेत, नसलेली लबाडी तुझ्यावर घालताहेत, तर वाद घालू नकोस, चेष्टाही नको. त्या दिवशीचा डाव मोड आणि रात्री आईला एकटीला सांग. डॉक्टरांना दाखवायचं की नाही ते मोठी माणसं ठरवतील. रोज समोर बसणारी तू, म्हणून आधी दिसेल तुलाच.

ताजा कलमात तू विचारलंयस, ‘ते पान फार जोरात आपटतात, सांगू का?’ नको. हुकूम मारताना पान आपटायचं नाही तर काय हळूच ठेवायचं? तूही आपट. फक्त कागदी पत्ते असतील तर महिन्याभरात पानांचे कोपरे मुडपतात. आणि बदामच्या एक्क्याचा कोपरा मुडपला की पालथा असतानाही तो आजोबांना ओळखू येतो, तुलाही येईल. मग मांडलेल्या सात-आठमधली पालथी पानं पालथी राहत नाहीत. दुसऱ्या कॅटातला एक्का घालावा तर पाठीची नक्षी वेगळी. म्हणून एकाच छापाचे दोन कॅट एकदम आण, प्लास्टिकचे, आणि एक न फोडता कपाटात ठेव.